मास्क घेतला, पण चेहऱ्याला बसला का?



हंगाम संपत आला की आपले बोलणे ठरलेले. टनेज किती झाले, उतारा किती बसला, बिल कधी जमा होणार? ते रास्तच आहे. पण त्याच दिवसांत कारखान्याच्या मागच्या अंगाला बगॅसचा डोंगर उभा असतो, आणि त्यावर राबणारी माणसे आपल्याच शिवारातली, आपल्याच भाऊबंदांची असतात. आजचा पाठ त्यांच्या श्वासाविषयी आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात पळसे, भाऊसाहेबनगर, मातेरेवाडी, विठेवाडी, जिथे जिथे साखर कारखाना उभा राहिला, तिथे बगॅसचा ढीगही उभा राहिला. शंभर टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी असते आणि थोडी साखरही उरलेली असते. हाच बगॅस बॉयलरला इंधन म्हणून लागतो, त्यावर वीज होते, कागद होतो. म्हणजे हे आपले धनच आहे. पण धनाच्या ढिगात साप असावा तशी त्यात एक गोष्ट दडलेली असते.

बगॅस कसा बाधतो?

ताजा, ओला बगॅस सहसा बाधत नाही. तो साठवला की ढीग आतून तापतो. कडब्याची ओली गंजी आतून कशी वाफाळते, तसेच हे. त्या उबेत सूक्ष्म जंतू वाढतात. १९७१ साली लेसी या शास्त्रज्ञाने त्यांतल्या मुख्य जंतूची ओळख पटवली आणि त्याच्या नावातच साखर घातली, थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकॅराय. ढीग सुकला आणि कोणी तो उपसू लागला की या जंतूंची बीजे धुळीबरोबर उडतात. आकार म्हणाल तर मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. डोळ्याला दिसत नाहीत, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात.

या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेतील लुईझियाना या ऊस पिकवणाऱ्या राज्यातून १९४१ साली त्याची पहिली माहिती प्रसिद्ध झाली. लगेच १९४२ साली इंग्लंडमधल्या कामगारांतही तो आढळला. आपल्याकडे डॉ. आर. विश्वनाथन व सहकाऱ्यांनी १९६३ साली या रोग्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही धंद्यामुळे होणाऱ्या रोगांत बगॅसोसिसचे नाव स्वतंत्र घातले गेले. तेव्हा ही ऐकीव गोष्ट नव्हे.

त्याची खूण लक्षात ठेवा. माणूस दिवसा ढिगावर काम करतो, तेव्हा त्याला काही होत नाही. चार ते आठ तासांनी, म्हणजे घरी गेल्यावर, थंडी वाजते, ताप भरतो, कोरडा खोकला येतो, दम लागतो. घरचे म्हणतात हिवताप आहे, कोणी म्हणते न्यूमोनिया, कोणी क्षयाची शंका घेते. चार दिवस रजेवर राहिला की बरे वाटते, कामावर गेला की पुन्हा तेच. असे वर्षानुवर्षे चालले तर फुप्फुसावर वण पडतात. ते वण मग कोणत्याच औषधाने जात नाहीत. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर "मी बगॅसवर काम करतो" हे एक वाक्य आधी सांगावे.

"तोंडाला फडकं बांधलं की झालं!"

असे बरेच जण म्हणतात. पण उपरण्याच्या विणीतून ही बीजे सहज आत जातात. त्यासाठी धूळ गाळणारा मास्क लागतो. करोनाच्या साथीत, २०२० साली, एन-९५ हे नाव घरोघर पोचले. त्याचे कापड अत्यंत बारीक कणांपैकी शंभरातले किमान ९५ अडवते. आपल्याकडे अशा मास्कसाठी आयएस ९४७३ हे भारतीय मानक आहे. खरेदी करताना ते पाहावे.

पण खरी मेख पुढेच आहे. आपल्या ठिबक संचाचा फिल्टर घ्या. फिल्टर नवा कोरा आहे, पण बायपासचा कॉक थोडा उघडा राहिला, तर गाळ कुठे जाईल? थेट ड्रिपरमध्ये. मास्कचेही तसेच. चेहरा आणि मास्क यांच्यामध्ये फट राहिली की हवा तिकडूनच वाट काढते. हिशेब करून पाहू. शंभर भाग हवेतले वीस भाग फटीतून आले, तर ती सगळी धूळ आत गेली. उरलेल्या ऐंशी भागांतून पाच टक्के म्हणजे चार. एकूण चोवीस. पाचाच्या जागी चोवीस! मास्क चांगला, किंमत पुरी मोजलेली, आणि रक्षण निम्म्यावरही नाही की पूर्ण आहे, हे घालणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

आणि चेहरे काही एका साच्यातून काढलेले नसतात. कोणाचे नाक बसके, कोणाची हनुवटी निमुळती, कोणाचे दात पडलेले. एकाला बसला तो दुसऱ्याला बसेलच असे नाही. म्हणून चेहऱ्यागणिक चाचणी करावी लागते.

साखर कारखान्यात गोडाची परीक्षा

ही चाचणी मोठी गमतीची आहे, कारण ती गोडावरच चालते. मधुमेहाचे लोक साखरेऐवजी वापरतात ते सॅकरिन पाण्यात विरघळवतात. कामगाराच्या डोक्यावर एक टोपडे घालतात आणि आत त्याचा फवारा मारतात. आधी मास्क न घालता, त्याला गोड कळते की नाही हे पाहण्यासाठी. मग मास्क घालून, अधिक तीव्र द्रावणाने. त्याने तोंडाने श्वास घ्यायचा आणि एकेक मिनिट साधा श्वास, दीर्घ श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, बोलणे, वाकणे असे करायचे. जिभेला गोड लागले की मास्क नापास. तो नीट बसवून पुन्हा पाहायचे, नाहीतर दुसरा आकार किंवा दुसरी बनावट घ्यायची. चाचणीआधी पंधरा मिनिटे पाण्याखेरीज काही खाऊ-पिऊ नये. बिडी आणि तंबाखूची गोळीही बाजूला ठेवावी.

अमेरिकेत कामगार सुरक्षेच्या नियमांप्रमाणे अशी चाचणी मास्क पहिल्यांदा वापरण्याआधी आणि पुढे दरवर्षी करावी लागते. वजन बरेच घटले-वाढले, कवळी बसली किंवा मास्कची बनावट बदलली, तर पुन्हा करावी.

रोजची सवय

चाचणी वर्षातून एकदा, पण खात्री रोज करायची. दोन पट्ट्यांपैकी वरची डोक्याच्या मागे उंच, खालची कानाखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडावा. कडेने वारा लागला तर फट आहे. दाढी किंवा दोन दिवसांचे खुंट असले तरी मास्क बसत नाही. मिशी आतच मावत असेल तर हरकत नाही. मास्कच्या खाली उपरणे तर मुळीच नको.

जिथे हा मास्क चालत नाही

हा मास्क धूळ गाळतो, वायू नाही. गंधकाच्या भट्टीजवळचा सल्फर डायऑक्साईड त्यातून सरळ जातो. तिथे वायू शोषणारे वेगळे डबे लागतात. मळीची टाकी, सांडपाण्याचा हौद, गोबरगॅसचा खड्डा, जुनी विहीर, इथे तर कोणताही गाळणारा मास्क कामाचा नाही. प्राणवायूच कमी असेल तर गाळून काय मिळणार? आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हवा तपासल्याशिवाय, बाहेर दोर धरून माणूस उभा असल्याशिवाय कोणी उतरू नये. शेतावरही हेच ध्यानात ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध श्वासातून जाते तसे कातडीतूनही जाते.

सभासदाने काय करावे?

मास्क हा शेवटचा उपाय. आधी धूळच उडू देऊ नये. ढीग ओला ठेवावा, पट्टे झाकावेत, माणसाऐवजी यंत्राने बगॅस हलवावा, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून काम करावे. एवढे करूनही उरते त्या धुळीसाठी मास्क.

आपण मालक आहोत. वार्षिक सभेत अहवाल हातात येतो, त्यात सुरक्षा साहित्याच्या खर्चाचा एक आकडा असतो. आपण तो वाचतो आणि पान उलटतो. पुढच्या सभेत कोणीतरी उठून एवढेच विचारावे, "मास्क किती घेतले ते कळलं, पण किती चेहऱ्यांवर तपासून पाहिले?" उत्तर शून्य असेल तर तो खर्च झाला, रक्षण झाले नाही.

उसाला आपण लागवडीपासून तोडीपर्यंत जपतो. त्याच उसाच्या चोथ्यावर राबणाऱ्या माणसाचा श्वासही तितकाच जपायला हवा.