यंत्राचे घड्याळ आणि अर्ध्या दिवसाची मजुरी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रांवर मी लिहावे हे मित्रांना चमत्कारिक वाटेल. परंतु संध्याकाळी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी हजेरी व पगारपत्रक लिहितो, तेथे हा विषय गळ्यात पडला.

फाटकावर कार्ड टेकविण्याचे यंत्र आहे. ८ वाजून ५ मिनिटांनंतर येणाऱ्याचा अर्धा दिवस त्यातील नियंत्रक कापतो. एका मोल्डरचे असे दोन अर्धे दिवस गेले. "ना टायमिगे बंदीनि," तो काकुळतीने म्हणाला. मी मोबाइल यंत्राजवळ धरला. मोबाइलमध्ये सहा, यंत्रात सहा वाजून दहा!

नियंत्रकाचे घड्याळ क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालते. साध्या स्फटिकात दहा लाखांत २० भाग चूक सहज असते. म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, वर्षाला साडेदहा मिनिटे. वर्षभर ते कोणी मिळविलेच नव्हते.

उपाय असा की नियंत्रकाने नेटवर्कवरून वेळ विचारावी. ही रीत, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडली. पण उत्तर वाटेत असतानाही वेळ थांबत नाही. समजा, नियंत्रकाने आपल्या घड्याळाप्रमाणे ० सेकंदाला विचारले. सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे प्रश्न ३.०२० ला पोहोचला, उत्तर ३.०३० ला निघाले, आणि नियंत्रकाकडे ते ०.०५० ला आले. जाताना फरक ३.०२०, येताना २.९८०, सरासरी ३ सेकंद. नियंत्रक तेवढा मागे आहे. जाण्यायेण्याचा वेळ सारखा धरला आहे, हे मात्र विसरू नये.

आता ही चूक एकदम दुरुस्त करावी काय? चालू पाळीत नव्हे! घड्याळ एकदम मागे नेले तर तेच मिनिट दोनदा येते, आणि एखादा कामगार येण्यापूर्वीच गेलेला दिसतो. म्हणून मोठी चूक पाळी सुटल्यावर एकदाच काढावी. पुढे सेकंदाला अर्धा मिलिसेकंद या गतीने सरकवावे. ३ सेकंदांना १०० मिनिटे लागतात, लागू द्यावीत.

आमच्या नियंत्रकाला आता ऑफिसातील संगणक वेळ देतो, व तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला विचारतो. मिळणारी वेळ जागतिक असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. पहिल्या दिवशी मी ते विसरलो आणि सकाळची पाळी रात्री अडीचला भरली!

मोल्डरचे पैसे मालकांनी मान्य केले. पण घड्याळ रोज थोडेथोडे पुढे गेले असेल, तर बसविल्यापासून सहा महिन्यांतच चूक पाच मिनिटांवर गेली होती. इतर कामगार बोलले नाहीत एवढेच. जुनी पत्रके काढून तारीखवार त्रैराशिक मांडतो आहे. सध्या तिसऱ्या महिन्यावर आहे.