बी पेशी तयारच का होत नाहीत?

प्रश्न : माझ्या ४ वर्षांच्या मुलाला सारखा न्यूमोनिया होतो, कान वाहतो. तपासणीत आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडे) अगदी कमी आणि बी पेशी जवळपास नाहीतच, असे आले. माझे काही चुकले का?

उत्तर : नाही, ताई. तुमचे काहीही चुकलेले नाही. बी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, पण पुढे वाढायला त्यांना आतून संदेश मिळावा लागतो. तो पोचवणारे बीटीके हे प्रथिन बिघडले की पेशी अर्ध्या वाटेतच थांबतात. मग प्रतिपिंडे बनवणार कोण? मुलग्यांमध्ये हेच कारण आधी तपासावे, कारण बीटीकेचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्यांकडे ते गुणसूत्र एकच असते. अमेरिकेतील डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये आठ वर्षांच्या मुलात हा आजार ओळखला. जनुक सापडायला १९९३ उजाडले. पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसते, कारण तुमचीच प्रतिपिंडे त्याला सांभाळत असतात.

निदान पक्के झाले, की दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, द्यावे लागेल, तेही आयुष्यभर. खर्चिक आहे, तरी चुकवू नका. पोलिओचे थेंब त्याला देऊ नका. आणि तुमच्या बहिणीला लहान मुलगा असेल, तर त्याचीही तपासणी करायला सांगा.