लॉग केव्हा पडतो?

जावा किंवा पायथन सोडून हॅस्केलकडे आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, "इथे प्रिंट कुठे मारायचा?" त्याला 'डीबग डॉट ट्रेस' हे मॉड्यूल दाखवून दिलं की तो खूश होतो. दोन दिवसांनी परत येतो आणि म्हणतो, "लॉग पडतच नाहीये." आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्यांना मी जे सांगतो, ते इथे लिहून ठेवतो.

१. ट्रेसला एक स्ट्रिंग आणि एक व्हॅल्यू द्यायची. तो स्ट्रिंग छापतो आणि व्हॅल्यू जशीच्या तशी परत करतो. टाइप बघितला तर सोवळं, शुद्ध फंक्शन. आत मात्र चोरून आयओ चाललेलं. छपाई होते ती स्टँडर्ड एररवर. त्यामुळे नुसतं आउटपुट फाइलमध्ये वळवून मेसेज शोधत बसू नका.

२. लॉग ओळींच्या क्रमाने पडत नाही, मागणीच्या क्रमाने पडतो. दोन घटकांची लिस्ट घ्या, दोन्ही घटकांना ट्रेस लावा आणि तिची लांबी विचारा. उत्तर येतं २, मेसेज एकही नाही. लांबी मोजायला घटकांच्या आत डोकवावं लागत नाही, मग हॅस्केल कशाला तसदी घेईल? तीच लिस्ट बेरजेला द्या, दोन्ही मेसेज हजर. म्हणून "लॉग पडला नाही" असं कुणी म्हणालं की मी कोड बघायच्या आधी विचारतो, ही व्हॅल्यू मागतंय कोण?

३. टेस्टमध्ये ही गोष्ट जास्त छळते. 'इव्हॅल्युएट' लावलं म्हणजे सगळं मोजलं गेलं, असा समज असतो. ते फक्त बाहेरचं कवच उघडतं. लिस्ट असेल तर ती रिकामी आहे की नाही एवढंच ठरतं. आतपर्यंत जायचं तर 'डीपसीक'मधलं 'फोर्स' हवं.

उलट बाजूही आहे. 'ट्रेसशो' व्हॅल्यू छापण्यासाठी ती पूर्ण मोजायला लावतो. अनंत लिस्टला लावलात तर एकही आकडा न छापता प्रोग्राम कंट्रोल-सी दाबेपर्यंत अडकून राहतो. लिस्टमध्ये कुणी कधीच न मागितलेला 'अनडिफाइन्ड' लपलेला असेल, तर काल सुखाने चालणारा प्रोग्राम आज लॉगपायी कोसळतो. बग लॉगने दाखवला की लॉगनेच आणला, हे अशा वेळी ट्रेसशो काढूनच कळतं.

४. हा प्रयोग एकदा स्वतः करून बघा. 'क्ष' म्हणजे दोन अधिक तीन, त्याला ट्रेस लावलेला, आणि मग क्ष अधिक क्ष. टाइप लिहू नका. फाइलमध्ये लिहून कंपाइल केलं तर मेसेज एकदा पडतो, कारण क्ष एकदा मोजला की उत्तर जपून ठेवलं जातं. जीएचसीआयच्या, म्हणजे हॅस्केलच्या इंटरॅक्टिव्ह कन्सोलच्या, प्रॉम्प्टवर तोच दोनदा पडतो. तिथे मोनोमॉर्फिझमचं बंधन मुळात बंद असतं. क्ष 'कुठल्याही संख्येच्या टाइपचा' राहतो, म्हणजे आतून फंक्शनच होतो, आणि दोनदा बोलावला की दोनदा मोजला जातो. क्ष हा 'इंट' आहे असं लिहा, दुसरा मेसेज गायब. उत्तर तिन्ही वेळा १०.

५. ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर सारख्या दिसणाऱ्या राशी एकत्र करू शकतो, किंवा एखादी फंक्शनच्या बाहेर उचलून ठेवू शकतो. मेसेज अमुक वेळा पडला पाहिजे अशी टेस्ट ट्रेसवर लिहू नये, एवढंच.

६. ज्या मेसेजची टेस्ट लिहायची आहे, तो मेसेज ट्रेसचा नसावा. फंक्शनला 'रायटर'मध्ये बसवा: ते उत्तरासोबत मेसेजची लिस्टही देतं. मग टेस्ट म्हणजे दोन लिस्ट समान आहेत का, इतकंच. स्टँडर्ड एरर पकडायची खटपट नाही. पण रायटर सगळे मेसेज मेमरीत साठवत जातो, त्यामुळे महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरला तो परवडत नाही. तिथे मी लॉग करणारं फंक्शनच आर्ग्युमेंट म्हणून आत पाठवतो; टेस्टमध्ये त्याच्या जागी मेसेज 'आयओरेफ'मध्ये गोळा करणारं देतो. फंक्शनच्या टाइप सिग्नेचर लांबतात, कोड थोडा बोजड दिसतो. माझी हरकत नाही.

७. एलिक्सरमध्ये आळशी मोजणीचा हा त्रास नाही. तिथे 'कॅप्चर लॉग' हाताशी असतं, आणि तरी टेस्ट रिकामी स्ट्रिंग दाखवते. बहुतेक वेळा कारण कॉन्फिगमध्ये सापडतं: एलिक्सरचं वेब फ्रेमवर्क फीनिक्स नवा प्रोजेक्ट बनवतानाच टेस्टसाठी लॉगची पातळी 'वॉर्निंग' ठेवतं, त्यामुळे डीबगचे मेसेज पकडण्याआधीच गळतात. शिवाय एसिंक टेस्ट असतील तर शेजारच्या टेस्टचे मेसेजही तुमच्या जाळ्यात येतात. तेव्हा "नेमकं इतकंच" असं न तपासता "यात हे आहे का" असं तपासा.

८. एल्मची एक गोष्ट मला मनापासून आवडते. 'डीबग डॉट लॉग' कोडमध्ये राहिला असेल, तर कंपायलर 'ऑप्टिमाइझ' लावून बिल्डच करू देत नाही. हॅस्केलचा कंपायलर जीएचसी असा अडवत नाही. म्हणून आम्ही सीआयमध्ये ट्रेसचा इम्पोर्ट शोधणारी एक ओळ टाकली आहे. ती कमेंटमधल्या इम्पोर्टलाही अडवते, त्यावरून मधूनमधून कुरकुर होते. मी ती बदललेली नाही.