सातव्या मजल्यावरचं घर: जालन्यात एकूण खर्च किती?

जालना आजवर आडवं वाढलं. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना आणि मग अंबड, मंठा, भोकरदन अशा रस्त्यांच्या कडेने प्लॉट पडत गेले. स्टील आणि बियाण्यांच्या धंद्याने शहरात पैसा आणला. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि 2023 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. जागा महागली तशा इमारती वर चढू लागल्या. मुंबईतल्या लोअर परळच्या वर्ल्ड वन इमारतीची उंची 280 मीटर आहे, त्यापुढे आपले सात मजले काहीच नाहीत. पण राष्ट्रीय इमारत संहितेच्या लेखी 15 मीटर आणि त्यावरची प्रत्येक इमारत उंचच. खाली पार्किंग आणि वर चार-पाच मजले झाले की आपण त्या गटात जाऊन बसतो. लिफ्ट, पंप आणि आग विझवण्याची यंत्रणा यांचा खर्च तिथून जन्मभर मागे लागतो.

आधी खरेदीचा हिशेब. बिल्डर चौरस फुटाचा रेट सांगतो, तेव्हा पहिला प्रश्न विचारा: हा रेट कार्पेटवर की सुपर बिल्टअपवर? रेरा कायद्यात विक्री कार्पेट क्षेत्रफळावर धरली आहे. बाकीच्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका.

समजा, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट 44 लाखांना ठरला. कार्पेट 90 चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे 968 चौरस फुटांच्या आत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल, तर जालन्यासारख्या शहरात जीएसटी 1 टक्का लागतो: 44 हजार. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि स्थानिक संस्थेचा अधिभार 1 टक्का, मिळून 2 लाख 64 हजार. नोंदणी फी किमतीच्या 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर जात नाही. एकूण झाले 3 लाख 38 हजार.

आता तोच फ्लॅट सातव्या मजल्यावर घ्या. हवा चांगली, धूळ कमी, म्हणून बिल्डर 'फ्लोअर राइज'चे 2 लाख जादा मागतो. किंमत झाली 46 लाख. इथे बहुतेकांची फसगत होते. मजल्याचे जादा पैसे, पार्किंग, सामायिक सोयींचे पैसे हे सगळं 45 लाखांच्या मर्यादेत धरलं जातं. ती ओलांडली की जीएसटी सगळ्या रकमेवर 5 टक्के होतो: 2 लाख 30 हजार. मुद्रांक आणि अधिभार 2 लाख 76 हजार, नोंदणी 30 हजार. वरचा खर्च 5 लाख 36 हजारांवर गेला. म्हणजे कागदावर 2 लाखांनी महाग दिसणारा मजला प्रत्यक्षात जवळपास 4 लाखांनी महाग पडला. एवढे पैसे देऊन वरची हवा घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण सही करण्याआधी हे गणित घरात सगळ्यांसमोर मांडा.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाहीच. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सूट मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. सरकारी रेडी रेकनरचा भाव करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या भावाने लागतं. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी तुमची आहे.

बँकेच्या भरवशावर असाल तर हेही लक्षात घ्या. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. 44 लाखांच्या घरासाठी खिशातून 8 लाख 80 हजार आणि वरचे 3 लाख 38 हजार, असे 12 लाखांच्या पुढे हाताशी हवेत. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कच्च्या पावतीवर तर एक रुपयाही देऊ नका.

आता पाणी. जालन्यात उंच इमारतीचा खरा कस इथेच लागतो. शहराला जायकवाडीच्या जलवाहिनीचा आणि निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचा आधार आहे, तरी नळाची पाळी लांबते आणि उन्हाळ्यात टँकर धावतात. 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. वर पाणी चढवायला वीज फार लागते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात दहा हजार लिटर पाणी 25 मीटर वर न्यायला, पंपाची निम्मी ताकद वाया गेली असं धरलं तरी, दीड युनिटसुद्धा लागत नाही. महाग असतं ते पाणी, पंप नव्हे. म्हणून बिल्डरला विचारा, खालचा हौद किती लिटरचा आहे? माणशी 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरलं तर पाच जणांच्या घराला रोज 675 लिटर लागतात. 28 फ्लॅट असतील आणि नळ आठ दिवसांनी आला, तर दीड लाख लिटरचा साठा हवा. हौद 40 हजारांचा निघाला तर राहिलेलं पाणी टँकरने येणार आणि त्याचे पैसे दर महिन्याला तुम्ही भरणार. बोअरचं पाणी मे महिन्यात टिकतं का, ते शेजारच्या इमारतीत चौकशी करून घ्या.

सोसायटीच्या वर्गणीत आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. तुमच्या फ्लॅटच्या वाट्याचा बांधकाम खर्च 15 लाख धरला तर हेच महिन्याला साडेबाराशे झाले. लिफ्ट, वॉचमन आणि झाडलोट वेगळी. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखाच, पहिल्या मजल्यावरच्यांनाही. त्यावरून भांडणं होतात, पण नियम तसा आहे. पाण्याची आकारणी मात्र घरातल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर होते.

आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. जुन्या उंच इमारतीत फ्लॅट घेत असाल तर शेवटचं प्रमाणपत्र मागा आणि जिन्यातल्या होजरीलचा नळ उघडून पाणी येतं का ते स्वतः पाहा. यंत्रणा बंद पडली असेल तर ती सुरू करण्याची वर्गणी नव्या मालकालाही चुकत नाही.

आठपेक्षा जास्त फ्लॅट आणि 500 चौरस मीटरहून मोठी जागा असेल तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी सक्तीची आहे. संकेतस्थळावर मंजूर मजले किती आहेत ते बघा. मंजुरी पाच मजल्यांची आणि विक्री सातव्याची चालू असेल, तर तिथून उठून यायचं. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, त्यामुळे ताबापत्रावरची तारीख जपून ठेवा आणि गळती दिसली की तक्रार तोंडी न करता लेखी द्या.