कोणत्या नदीचें गीत आपण गातों?

पाठ: प्रकटीकरण २२:१-५, १७, ७:१३-१७

मंडळींत मरण झालें म्हणजे दफन आटोपल्यावर त्या घरीं भजनास बसण्याची पुष्कळ गांवीं रीत आहे. अशा रात्रीं जीं स्वर्गाचीं गीतें निघतात, त्यांत एक नदी वारंवार येते. अलीकडे आपण, पलीकडे सुवर्णनगरी आणि मध्यें मरणाचें काळें पाणी. ही कल्पना खोटी आहे असें नाहीं. इस्राएल लोक यार्देन ओलांडून कनान देशांत गेले, त्यावरूनच ती निघाली. तथापि गीत संपल्यावर दुःखी माणसाच्या मनांत पुष्कळदां पाणीच उरतें, पैलतीर उरत नाहीं, असें आम्हीं पाहिलें आहे.

हीच गोष्ट रॉबर्ट लोरी नांवाच्या बाप्तिस्त पाळकांच्या मनांत आली होती. इ. स. १८६४ चा जुलै महिना होता. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. ब्रुकलिन शहरीं एके दुपारीं उकाड्यानें थकून ते पडले असतां त्यांस प्रश्न पडला कीं, गीतकार मरणाच्या नदीविषयीं इतकें लिहितात, मग राजासनापासून वाहणाऱ्या जीवनाच्या नदीविषयीं इतकें थोडें कां? ते उठून बाजाच्या पेटीशीं बसले आणि नदीतीरीं संतांनीं एकत्र जमण्याचें प्रसिद्ध गीत चालीसकट तयार झालें. ती चाल त्यांस स्वतःस फारशी आवडत नसे; ती बॅंडवाल्यांची चाल आहे, असें ते म्हणत. लोकांनीं मात्र ती उचलली.

योहानानें ही नदी पाहिली ती पात्म बेटावर, वचनासाठीं क्लेश भोगीत असतां. ती देवाच्या व कोंकऱ्याच्या राजासनांतून निघते आणि तिच्या दोन्ही तीरांवर जीवनाचें झाड आहे. ज्यांनीं वैशाखांत कोरड्या नदीच्या वाळूंत झिरा खणून वाटीवाटीनें घागर भरली आहे, त्यांस ह्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. शिवाय आपल्यांतील पुष्कळांच्या आजेपणजांस गांवच्या विहिरीस शिवण्याची बंदी होती. वरून कोणी ओतील तेव्हां ओंजळीनें प्यावयाचें. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस हजारों लोक बरोबर घेऊन जावें लागलें, आणि तेवढ्यासाठीं त्या लोकांस मार खावा लागला. ज्या नदीवर तान्हेल्या कोणासहि फुकट पाणी घेण्याचें बोलावणें आहे, तिचें गीत अशांच्या नातवंडांनीं गातांना, आपण काय गात आहों हें जाणून गावें.

अशीं गीतें माणसास ह्या जगाविषयीं उदासीन करतात व तीं धनकोसच सोयीचीं, असा एक आक्षेप आहे. तो आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु फ्रेडरिक डग्लस ह्यांची साक्ष ऐका. ते १८३८ सालीं गुलामगिरींतून निसटले. आपल्या १८५५ च्या आत्मचरित्रांत ते सांगतात कीं, कनान देशाचीं गीतें गातांना आमच्या मनांत उत्तरेकडील मुक्त प्रदेशहि असे. बारकाईनें ऐकणारासच तें कळलें असतें. स्वर्गाच्या गीतानें त्यांचे पाय जड केले नाहींत.

उपदेशकांस आमची एक विनंति आहे. शोकाच्या घरीं पहिल्याच रात्रीं उल्हासाचें गीत लादूं नये. डोळ्यांचे अश्रु पुसण्याचें काम देवानें आपणाकडे ठेविलें आहे; तें टाळमृदंगास नेमून दिलेलें नाहीं. आधीं सातव्या अध्यायांतील वचन वाचावें, कांहीं वेळ स्तब्ध बसावें, आणि मग संथ चालीवर जीवनाच्या नदीचें गीत काढावें. मूल गेलेली आई गात नसेल तर तिला गावयास सांगूं नये. जवळ बसलेल्या बायांनीं तिच्या वतीनें गावें. पुढें एखाद्या सकाळीं घागर घेऊन जातांना ती तेंच गीत हळूच गुणगुणत असलेली ऐकूं आली, तर तेव्हांहि तिला कांहीं बोलूं नये.