घर आणि कार्यालय

नांगरणीसाठी शेतकऱ्याला शेतावर जावे लागते. कापड विणण्यासाठी विणकराला मागावर बसावे लागते. परंतु ज्याचे काम केवळ लिहिण्याचे, हिशेबाचे किंवा दूरध्वनीवर बोलण्याचे असते, त्याने रोज दूरच्या कार्यालयात गेलेच पाहिजे काय? १९७३ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात जॅक निलेस या अभियंत्यांनी हा प्रश्न विचारात घेतला. माणसांनी कामाकडे धाव घेण्याऐवजी तारांच्या साहाय्याने कामच माणसांकडे न्यावे, असा त्यांचा विचार होता.

विचार चांगला होता. पण मालकांच्या मनात एक शंका होती. देखरेख करणारा कोणी जवळ नसेल, तर घरी बसलेला माणूस खरोखर काम करील काय? ही शंका पारखून पाहण्यासाठी २०१० साली चीनमधील शांघाय शहरात एक प्रयोग सुरू झाला.

तेथील सीट्रिप ही कंपनी प्रवाशांना विमानाची तिकिटे व हॉटेलांतील खोल्या मिळवून देत असे. शहरात जागेचे भाडे फार; शिवाय नोकरी सोडून जाणारेही पुष्कळ. म्हणून कंपनीने निकोलस ब्लूम आदी अर्थशास्त्रज्ञांच्या सहकार्याने हा प्रयोग केला. घरून काम करण्यास सुमारे ५०० कर्मचारी तयार झाले. कामाचा पुरेसा अनुभव आणि घरी स्वतंत्र खोली असलेले २४९ जण त्यांतून निवडण्यात आले. ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातील चार दिवस घरून काम करावे. ज्यांची विषम, त्यांनी पूर्वीप्रमाणे कार्यालयात यावे, असे ठरले. त्यामुळे सगळे उद्योगी लोक एकाच गटात जमण्याचा संभव उरला नाही.

नऊ महिन्यांनंतर मालकांची शंका फिटली. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले होते. ते विश्रांती व आजारपणाची रजा कमी घेत, आणि घरच्या शांततेत त्यांचे काम भरभर होई. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाणही निम्म्यावर आले होते.

मग कंपनीने प्रत्येकाला आपली जागा निवडण्याची मुभा दिली. तेव्हा मात्र नवल घडले! घरून काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक कार्यालयात परत आले. घरी त्यांना एकटेपणा जाणवत होता. शिवाय चांगले काम करूनही त्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती. जो डोळ्यांआड, तो वरिष्ठांच्या मनाआड! अशा रीतीने ज्याला जे मानवले, ते त्याने निवडले, आणि कामातील वाढ २२ टक्क्यांपर्यंत गेली.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा अशी निवड करण्यास वावच राहिला नाही. लहान घरांत एकाच खोलीत आईचे कार्यालय व मुलांची शाळा भरू लागली. परिचारिका, सफाई कामगार व बसचालक यांना तर घरी राहणे शक्यच नव्हते.

पुढे २०२१ साली त्याच कंपनीने मधला मार्ग अजमावला. काही कर्मचाऱ्यांना तीन दिवस कार्यालय व दोन दिवस घर अशी सवलत मिळाली. त्यांच्या कामात उणीव आली नाही; उलट नोकरी सोडणारे एक-तृतीयांशाने घटले.

घरी शांतता मिळते, कार्यालयात सोबत मिळते. माणसाला दोहोंची गरज असते. मालकाने विश्वास टाकावा आणि कर्मचाऱ्याने तो राखावा. मग काम कोठेही असो, ते उत्तमच होते.

स्वाध्याय

१. मालकांच्या मनात कोणती शंका होती? ती कशी फिटली?
२. जन्मतारखेवरून गट का पाडले असावेत?
३. निम्मे लोक कार्यालयात का परतले?