'हँड' शब्दाचे विविध अर्थ : एक भाषापाठ
(इयत्ता पाचवी व पुढील वर्गांसाठी)

महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास इ. स. २००० मध्ये आरंभ झाला. 'हँड म्हणजे हात' हे समीकरण बालक तेव्हाच पाठ करते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पुढील इयत्तेत 'द हँड्स ऑफ द क्लॉक' हे शब्द वाचून विद्यार्थी 'घड्याळाचे हात' असे सांगतो, वर्ग हसतो आणि ते मूल इंग्रजीच्या तासाला पुन्हा तोंड उघडीत नाही. वस्तुतः त्याने शिकविलेल्या अर्थाचाच प्रामाणिकपणे उपयोग केलेला असतो. यास्तव पुढील विवेचन शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानी घ्यावे.

१. अवयवाची मर्यादा
मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सर्व 'हात'च होय. इंग्रजीत मनगटापासून पुढील भाग तेवढा 'हँड', वरील भाग 'आर्म'. मुलाचा हात कोपराशी मोडला, तर तेथे 'आर्म' हाच शब्द योजावा लागतो. पायाचेही असेच आहे : घोट्याखाली 'फूट', वर 'लेग'. मुलांनी मनगटास व घोट्यास दोरा बांधून दोन्ही बाजूंची नावे सांगावी. हा भेद मग सहसा विसरत नाही.

२. मराठीशी जुळणारे अर्थ
मदत करणे या अर्थी इंग्रजीत 'गिव्ह अ हँड' म्हणतात. आपणही अडलेल्यास हात देतो. उजव्या बाजूस 'राइट हँड साइड' म्हणतात. आपणही 'उजव्या हाताला विहीर आहे' असे सांगतो. 'हँडरायटिंग' म्हणजे हस्ताक्षर. शेतावरील गडी तो 'फार्म हँड'. सुगीत आपल्यालाही 'हात कमी पडतात'. 'हँड मी द बुक' येथे हाच शब्द क्रियापद होतो : पुस्तक माझ्या हाती दे.

३. मराठीत निराळा शब्द येणारे अर्थ
घड्याळाचा 'हँड' म्हणजे काटा. इंग्रजास तेथे दाखविणारा हात दिसला, आपल्याला टोकदार काटा दिसला. केळीच्या घडातील एक फणी म्हणजेही 'हँड', आणि त्यातील एकेक केळे म्हणजे 'फिंगर'. घोड्याची उंची 'हँड' या मापाने मोजतात. एक 'हँड' म्हणजे ४ इंच. आपला जुना 'हात' मात्र कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे १८ इंचांचा. दोन्ही मापे शरीरावरूनच आली, परंतु ती एक नव्हेत.

४. उलट दिशा
मराठीतील प्रत्येक 'हात' इंग्रजीत 'हँड' होत नाही. बेरजेतील 'हातचा एक' सांगताना इंग्रजीत 'कॅरी' म्हणतात. हे उदाहरण अवश्य द्यावे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होत नाही, हे त्यावरून मुलांना आपोआप कळते.

५. वर्गातील मांडणी
सर्व अर्थ एकाच तासात सांगू नयेत. एका पाठास तीन अर्थ पुरेत. प्रथम मराठीतील हाताचे वाक्प्रचार मुलांकडून काढून घ्यावे. हातभार लावणे, हात आखडणे, हातावर पोट असणे हे तर ती घरीच ऐकतात. आपल्याच भाषेत एक शब्द इतकी कामे करतो हे उमगले, की इंग्रजी शब्दाचे नवल वाटत नाही. नंतर पुठ्ठ्याचे घड्याळ व केळ्यांची फणी दाखवून वाक्ये द्यावी व अर्थ मुलांनाच संदर्भावरून ओळखू द्यावा.

'घड्याळाचे हात' असे उत्तर आल्यास केवळ लाल फुली मारून पुढे जाऊ नये. 'तुला असे का वाटले?' हा प्रश्न विचारावा. मूल आपला तर्क सांगेल. तो वाखाणून योग्य शब्द द्यावा. धीर न खचलेले मूलच पुढील शब्द शिकते.

स्वाध्याय
(अ) 'हँड' शब्दाची निरनिराळ्या अर्थांची तीन वाक्ये लिहा.
(आ) 'हात' शब्दाचे पाच मराठी वाक्प्रचार घरी विचारून आणा.
(इ) 'हेड' शब्दाचे मस्तकाव्यतिरिक्त अर्थ शोधा. आपल्या शाळेतच एक 'हेड' आहेत, तेथून प्रारंभ करा.